राजे लढत, तेव्हा बाजाराचे काय होई?

इतिहासाच्या पुस्तकांत लढायांची वर्णने भरपूर असतात; लढाईच्या दुसऱ्या दिवशी दुकाने उघडली की नाही, हे मात्र क्वचितच आढळते. राजा बदलला, तर आधीच्याला दिलेल्या कर्जाचे काय होई? शहर लुटीच्या तोंडी आले, तर पेढीवरच्या माणसाने काय करावे? अहमदाबादच्या नगरशेठ घराण्याच्या इतिहासात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सापडतात.

शांतिदास झवेरी हे शहाजहानच्या काळातील नामांकित ओसवाल जवाहीर. १६५८ मध्ये शाहजादा मुरादबक्ष तख्तासाठी लढायला निघाला, तेव्हा त्याने या घराण्याकडून साडेपाच लाख रुपये घेतले. ते गुजरातच्या महसुलातून फेडावेत, असे फर्मान त्याने काढले खरे. पण काही दिवसांतच औरंगजेबाने त्याला कैद केले. कर्जदारच बंदिवान, मग ते फर्मान दाखवायचे कोणाला? शांतिदासांनी नव्या बादशहाकडेच दाद मागितली. औरंगजेबाने भावाच्या कर्जापैकी एक लाख रुपये देण्याचा हुकूम केला. शिवाय, व्यापाऱ्यांनी निश्चिंतपणे व्यवहार करावेत, हा निरोप अहमदाबादच्या महाजनांना पोहोचवण्याचे काम शांतिदासांवरच सोपवले. तख्त तलवारीने मिळाले, तरी बाजाराचा विश्वास तिने मिळत नाही, हे तो जाणून होता.

दुसरा प्रसंग १७२५ चा. गुजरातच्या सुभेदारीच्या भांडणात हमीदखानाने मराठ्यांची मदत घेतली होती आणि त्या फौजांकडून अहमदाबाद लुटले जाण्याची वेळ आली. तेव्हा शांतिदासांचे नातू खुशालचंद यांनी बोलणी करून स्वतःच्या पैशातून खंडणी भरली. लूट टळली.

या उपकाराची फेड व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांच्याच रीतीने केली. शहराच्या बाजारात छाप पडणाऱ्या मालावर दर शंभर रुपयांमागे चार आणे खुशालचंद व त्यांच्या वंशजांना द्यावेत, असे सर्वांनी मिळून लिहून दिले. चारशे रुपयांच्या मालामागे अवघा एक रुपया! देणाऱ्यास जड नाही, पण शहर वाचल्याची आठवण रोजच्या विक्रीत जागी राहिली. पुढे इंग्रजी अमदानीत या हक्काऐवजी वार्षिक रक्कम ठरवण्यात आली.

हे सारे कळते ते जपून ठेवलेल्या फर्मानांमुळे आणि लेखांमुळे. आपल्या माळ्यावरही आजोबा-पणजोबांच्या चोपड्या असतील. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात. एखाद्या दुष्काळाच्या वर्षी कोणाचे येणे सोडून दिले, हे कदाचित तिथेच लिहिलेले असेल.