मोपेड की स्कूटर? घाटात माल नेणाऱ्यांनी आधी एवढे पाहावे

जिवतीच्या बाजारात कापड, बांगड्या, भांडी घेऊन जाणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांत एक सवाल नेहमी निघतो. दुचाकी घ्यायची तर मोपेड घ्यावी की स्कूटर? बहुतेक जण मोपेड म्हणजे स्वस्तातली लहान स्कूटर असे समजून सौदा करतात. आम्हीही तसेच समजलो होतो आणि त्याचे नुकसान सोसले. म्हणून या दोन वाहनांतला फरक येथे देत आहोत.

मोपेड हा शब्दच मोटर आणि पेडल या दोन शब्दांचे तुकडे जोडून बनला आहे. १९७२ साली कायनेटिकची ५० सीसीची लुना बाजारात आली तेव्हा तिला खरोखरच पेडल होते. पेट्रोल संपले की सायकलसारखे पाय मारत घर गाठता येई. त्याच साली बजाजची चेतक स्कूटर आली. तिला हाताने बदलायचे गिअर होते. पुढे मोपेडचे पेडल गेले आणि स्कूटरचे गिअरही गेले. त्यामुळे आज दोन्ही वाहने फक्त मूठ पिळून चालतात आणि वरवर पाहणाऱ्यास सारखीच वाटतात. खरा फरक आत आहे.

आज नवी पेट्रोल मोपेड म्हटली की टीव्हीएसची एक्सएल १०० हीच समोर येते. तिचे इंजिन ९९.७ सीसीचे, ताकद साडेचार हॉर्सपॉवरच्या आतली. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरचे इंजिन सुमारे ११० सीसीचे, म्हणजे थोडेच मोठे. पण ताकद पावणेआठ ते आठ हॉर्सपॉवर. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मोपेडला एकच गिअर आहे. इंजिनाचा वेग वाढला की क्लच आपोआप पकडतो आणि साखळी चाक फिरवते. स्कूटरमध्ये साखळीऐवजी पट्टा असतो, तो दोन पुलींवर आपोआप वर-खाली सरकतो. चढ लागला की तो स्वतःच खालच्या गिअरचे काम करतो. मोपेडला ही सोय नाही. ओझ्याने वेग मंदावला की तिचा क्लच पुरता पकडत नाही, घसरत राहतो आणि तापतो.

आमचे नेमके हेच झाले. कापसाचे पैसे लोकांच्या हाती आलेले, बाजार भरणार म्हणून साड्यांचे आणि चादरींचे दोन गठ्ठे बांधले, मागे पोऱ्या बसवला आणि गडचांदूरहून माणिकगडच्या डोंगराकडे निघालो. विकणाऱ्याने ‘शेठ, पहाड चढेल’ अशी खात्री दिली होती. एकटा माणूस बसला तर चढतेही, त्यात खोटे नव्हते. अर्ध्या घाटात जळका वास आला, इंजिन ओरडू लागले आणि गाडी जागची हलेना. वरून अवकाळी पाऊस. माल भिजला, बाजार बुडाला. चादरी पुढे पडत्या भावात विकाव्या लागल्या.

उताराचा धोका तर दोघांनाही आहे. गिअरच्या मोटारसायकलप्रमाणे इंजिन गाडीला धरून ठेवील, हा भरवसा या दोन्हींत कमी. सारा भार ब्रेकवर येतो आणि सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापून ढिला पडतो. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून घाट उतरणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. असे कदापि करू नये.

एवढे वाचून मोपेड वाईट असे कोणी समजू नये. एकदा वर पठारावर पोहोचले की तिच्यासारखे मालवाहू वाहन नाही. चाके १६ इंची, म्हणून खड्ड्यात आणि मुरमाड वाटेवर ती सावरून जाते. स्कूटरची १०-१२ इंची चाके तेथे आदळतात. वजन ९० किलोच्या आत, चिखलात एकटा माणूस ओढून काढू शकतो. मागची सीट काढली की गठ्ठा आडवा बसतो. साखळी घसरली, पंक्चर झाले तर गावातला सायकलवालाही निभावून नेतो. स्कूटरचा पट्टा तुटला तर मात्र कोलामगुड्यावर तो मिळणार कोठे? पेट्रोलही मोपेड कमी पिते.

कायद्याबाबत एक मोठा गैरसमज आहे. मोपेड पोराला चालते, लायसन लागत नाही, असे अजून पुष्कळांना वाटते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १६ वर्षांच्या मुलास पालकाच्या संमतीने लायसन मिळते ते ५० सीसीपर्यंतच्याच गाडीचे. आजची मोपेड जवळपास १०० सीसीची आहे, तेव्हा तिला स्कूटरप्रमाणेच १८ वर्षे पूर्ण हवीत आणि बिनगिअरचे लायसन हवे. हेल्मेटही दोघांना सक्तीचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकास किंवा मालकास २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते. दुकानातला पोऱ्या माल पोहोचवायला पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आम्ही आता गठ्ठे भाड्याच्या पिकअपने वर पाठवतो. मोपेड जिवतीतच एका ओळखीच्या दुकानदाराकडे उभी असते, तिच्यावर गुडे-तांडे फिरतो. घाटाची ये-जा स्कूटरने, आणि तीही बिनओझ्याची. पिकअपचे भाडे सुरुवातीस जड वाटले, पण त्या एका दिवशी भिजलेल्या चादरींचा तोटा मांडून पाहिला तेव्हा कित्येक बाजारांचे भाडे त्यातच निघाले असते.