जागलीला सोबत रेडिओची

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, रानडुकरांपासून हरभरा राखायला रात्रभर जागल करावी लागते. मोबाईल उतरला की सोबत राहते ती सेलवरच्या रेडिओची. माळ्यावर जुना संच असेल तर सेलच्या खाचेतला गंज पुसा अन् लावून पाहा.

शॉर्टवेव्हवर आता पूर्वीइतकी केंद्रे नाहीत. बीबीसी हिंदीचे शॉर्टवेव्ह प्रसारण 31 जानेवारी 2020 ला थांबले. आकाशवाणीचेही बरेच कमी झाले. म्हणून शेतीच्या माहितीसाठी जिथे लागते तिथे एफएमवर 102.4 ला अकोला केंद्र लावावे. शॉर्टवेव्ह दूरदेशीच्या केंद्रांसाठी ठेवावे.

या लहरी आकाशातल्या वरच्या थरावरून परत फिरतात, म्हणून हजारो किलोमीटरवरून पोचतात. दिवस मावळल्यावर 49, 41 व 31 मीटर, तर दिवसा 25, 19 व 16 मीटर पट्ट्यावर शोधा. काटा सावकाश फिरवा. घरात एलईडी दिवे, चार्जर यांची खरखर होते. वावरात आवाज साफ येतो.

आवाज बारीक येत असेल तर आठ-दहा मीटर वायर झाडाला बांधून एरियलला जोडा. मात्र विजेच्या तारांजवळ वायर कदापि टाकू नका, जीव जाईल. आभाळ भरून येताच वायर काढा. मीडियम वेव्हवर कडकड वाढली, तर कुठेतरी विजा कडाडत आहेत असे समजा अन् झाड सोडून पक्क्या घरात जा.

ग्रामपंचायतीनेही सेलसह एक संच जवळ ठेवावा. वादळात टॉवर बंद पडला तरी गावाला बातमी कळेल.