पदवीदानाची चाल

अमेरिकेत पदवीदान समारंभ शाळेचा असो वा विद्यापीठाचा, झगे घातलेली मुलं बहुधा एकाच संथ, भारदस्त सुरावटीवर चालत येतात. एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराच्या 'पॉम्प अँड सर्कमस्टन्स' या संचलनमालिकेतल्या पहिल्या रचनेचा हा मधला भाग. तिचा जन्म मात्र शिक्षणासाठी झाला नव्हता. १९०१ च्या ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूलला ती प्रथम वाजली, तीही लष्करी थाटात. नाव आलं 'ऑथेल्लो'तून, म्हणजे देवलांनी 'झुंझारराव' म्हणून मराठीत आणलेल्या नाटकातून. संशयाने पोखरलेला सेनापती रणवैभवाचा निरोप घेतो, तिथले हे शब्द. पुढे १९०२ मध्ये, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त, ए. सी. बेन्सनचे शब्द या चालीला मिळाले आणि 'लँड ऑफ होप अँड ग्लोरी' हे साम्राज्याचं गौरवगीत तयार झालं. ब्रिटनमध्ये चालीची ओळख आजही तीच आहे.

मग ती पदवीधरांची कशी झाली? २८ जून १९०५ रोजी येल विद्यापीठाने एल्गारला मानद डॉक्टरेट दिली. पियानो सुरात लावणाऱ्या दुकानदाराच्या या मुलाने विद्यापीठात कधी शिक्षण घेतलं नव्हतं. येलमधले प्राध्यापक सॅम्युएल सॅनफर्ड त्याचे मित्र. त्या समारंभाच्या शेवटी, मंडळी सभागृहाबाहेर पडताना, त्याचीच ही रचना वाजवली गेली. चाल पदवीदानाशी जोडली गेली हा निव्वळ योगायोग, असं कुणी म्हणेल. येलपुरतं ते खरंच आहे. पण योगायोगाने प्रिन्स्टन (१९०७), शिकागो (१९०८) आणि कोलंबिया (१९१३) यांनी तीच चाल का उचलली, हे उलगडत नाही. माझ्या मते, उत्तर चालीच्या घडणीत आहे. ती पावलाच्या गतीने जाते, कितीही वेळा फिरवून वाजवता येते, आणि प्रत्येक आवर्तनात उंचावल्यासारखी वाटते. शेकडो विद्यार्थी आपापल्या जागी पोहोचेपर्यंत असंच संगीत पुरतं. म्हणूनच येलमधली ही निरोपाची चाल पुढे प्रवेशाची झाली.

साम्राज्याचा माज मिरवणारं गाणं शिक्षणाच्या उत्सवात कशाला, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. तो बेन्सनच्या शब्दांना पुरेपूर लागू पडतो. मात्र अमेरिकेने ते शब्द घेतले नाहीत. संचलनाचा आवेशी, वेगवान भागही बहुतेक ठिकाणी गाळला जातो. उरते फक्त मधली सुरावट, आणि ती ऐकणाऱ्या आईबापांना त्यात राजा दिसत नाही, रांगेतलं आपलं मूल दिसतं.