कळलावी

श्रावण-भाद्रपदात कोकणातल्या गडग्यांकडे किंवा घाटउतारावरच्या झुडपांकडे नजर टाका. हिरवळीत मध्येच जाळ पेटल्यासारखा दिसतो. ती कळलावी. कोणी तिला अग्निशिखा म्हणतात, कोणी वाघनखी. कोकणात गौरीच्या पूजेत ही फुले मानाने येतात, म्हणून तिथे ती ‘गौरीचे हात’ झाली. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ तिला लिलीच्या कुळात धरीत. आता तिचे कूळ वेगळे मानतात. ती तमिळनाडूचे राज्यपुष्प आहे आणि झिम्बाब्वेचे राष्ट्रीय पुष्पही!

घरात आणली तर भांडणे लागतात, म्हणून कळलावी, असे काही जण सांगतात. मला मात्र दुसरा अर्थ जवळचा वाटतो. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून पूर्वी सुईणी हिच्या कंदाचा लेप लावीत.

या वेलीची चढण्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. तिला वेगळे ताणे नसतात. पानाचे टोकच लांबत जाऊन स्प्रिंगसारखे वळते आणि शेजारच्या फांदीला विळखा घालते. फूल खाली मान घालून उमलते, पण त्याच्या सहाही पाकळ्या उलट्या वर वळतात. आधी हिरवट, मग पिवळ्या, शेवटी लालभडक. मधली कुक्षिवृंताची काडी तर बुडाशीच काटकोनात मोडल्यासारखी आडवी जाते. पावसाळा सरला की वेल वाळून जाते. जमिनीखाली उरतो नांगरासारखा दुबेळका कंद. संस्कृतातले ‘लांगली’ हे नाव त्यावरूनच आले.

हा कंदच घातकी. रताळे किंवा रानकंद समजून तो खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. त्यातले कोल्चिसिन पेशींचे विभाजन रोखते. हेच द्रव्य अगदी मोजक्या मात्रेत गाउट या सांधेदुखीवर औषध ठरते, आणि त्यासाठी तमिळनाडूत शेतकरी बियांकरिता कळलावीची शेतीही करतात. पण मात्रा चुकली की काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात. पटकीच जणू! त्यातून वाचलेल्यांचे केस पुढे झडतात.

तेव्हा गौरीसाठी फुले खुशाल खुडा, कंद उकरू नका. आणि कोणी चुकून खाल्लाच, तर घरगुती उपाय करीत न बसता उरलेला तुकडा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. यावर सहजी मिळणारा उतारा नाही, आणि काय खाल्ले हे डॉक्टरांना लगेच कळायला हवे.