चर्चच्या दारात तोफा कशाला?

चर्चमध्ये घंटा असते, मेणबत्त्या असतात. पण तोफा? सतराव्या शतकात बांद्र्याला जेझुइट पाद्र्यांचं मोठं कॉलेज होतं. 1675 च्या सुमारास जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर ते पाहून आला आणि त्याने लिहून ठेवलं, की या कॉलेजच्या रक्षणाला सात तोफा आहेत, शिवाय बंदुका वेगळ्या!

कारण ऐका. बांद्रा आणि आजचे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर तेव्हा साष्टी नावाच्या बेटावर होते. 1534 मध्ये ते पोर्तुगीजांकडे आलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. शत्रू गलबतातून थेट गावात उतरायचा. 1694 मध्ये मस्कतचे अरब असेच उतरले आणि त्यांनी चर्चसुद्धा जाळली. अशा वेळी गावात दगडी भिंतींची इमारत असणं किती मोलाचं, विचार करा!

त्या काळचं एक चर्च अजून आपल्या अंधेरीत उभं आहे, बरं का! सीप्झ या औद्योगिक वसाहतीत, कंपन्यांच्या मधोमध, झाडीत. 1579 मध्ये बांधलेलं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च. 1840 मध्ये साथ आली, लोक गाव सोडून मरोळला गेले आणि जाताना चर्चचे खांब नि बाप्तिस्म्याचं दगडी पात्रही घेऊन गेले. छप्पर केव्हाच गेलं. दर्शनी भिंत मात्र ताठ उभी! वर्षातून एकदा, मे महिन्यात, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या जुन्या ख्रिस्ती समाजाची मंडळी तिथे प्रार्थनेला जमतात.

छप्पर गेलं आणि भिंत राहिली, हे कसं? छपराचं लाकूड वाळवी खाते, पावसात कुजतं. भिंत दगडाची. तीही जाडजूड, कारण छपराचे वासे भिंतींना सतत बाहेर ढकलतात आणि तो रेटा पेलायला वजन लागतं. म्हणजे जी जाडी छपरासाठी, तीच शत्रूपासून बचावालाही कामी येते.

पण माझं खरं प्रेम आहे ते दगडांना धरून ठेवणाऱ्या चुन्यावर. तेव्हा आजचं सिमेंट नव्हतं. कोकण किनाऱ्यावर शिंपले भट्टीत भाजून चुना करत. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. सुमारे 900 अंश सेल्सिअसला तो तापला, की त्यातला कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो आणि उरते चुनकळी. तिच्यावर पाणी घातलं की ती फसफसते, वाफा सोडते आणि तिचा चुना होतो. तो वाळूत कालवून दगडांच्या फटींत भरायचा. आता गंमत बघा! हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. म्हणजे जो पदार्थ शिंपल्यात होता, तोच आता भिंतीत! वायू बाहेरून आत झिरपत जातो, म्हणून जाड भिंतीच्या पोटातला चुना घट्ट व्हायला वर्षानुवर्षं लागतात. बारीक तडा गेला, तर पावसाचं पाणी थोडा चुना विरघळवून तिथे नेतं आणि तडा बुजवतं. जखमेवर खपली धरावी तसं!

पिंपळापुढे मात्र हा चुना हरतो. त्याचं मूळ फटीत शिरून जाडावलं, की दगड सुटे होतात. म्हणून अशा भिंतींवरची रोपं लहान असतानाच, जाणकारांच्या हातून काढावी लागतात.

सीप्झमध्ये एरवी जाता येत नाही. पण बोरिवलीजवळचं मंडपेश्वर लेणं कुणालाही पाहता येतं. खाली कातळात कोरलेलं शिवमंदिर आणि त्याच्या डोक्यावर पोर्तुगीज मठाच्या पडक्या भिंती. लेण्यातल्या एका शिल्पाच्या जागी कोरलेला क्रूसही दिसेल. आईबाबांबरोबर गेलात, तर खांबांत सांधे शोधा. सापडणार नाहीत, कारण लेणं म्हणजे एकसंध डोंगर आहे, तिथे चुन्याची गरजच नव्हती. मग वरच्या भिंतींकडे बघा. दोन दगडांच्या मध्ये चुना दिसला, तर खुशाल ओळखा, की त्याने शेकडो वर्षांपूर्वीची हवा पोटात घेतली आहे.