उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील वंशशोध

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या लगतच्या शहरांतील कुटुंबे आपल्या पूर्वजांचा, मूळ गावाचा व दुरावलेल्या भाऊबंदांचा जो माग घेतात, त्याला येथे वंशशोध म्हटले आहे. या परिसरात फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे, पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहणारे आगरी, कुणबी, ठाकूर व कातकरी समाज, आणि कारखान्यांच्या व घरांच्या निमित्ताने राज्याच्या इतर भागांतून आलेली मराठी कुटुंबे एकत्र नांदतात. प्रत्येकाच्या वंशशोधाची साधने वेगळी आहेत. ज्यांचे गाव हातचे गेले, त्यांना गावाबाहेर झालेल्या नोंदींवरच भिस्त ठेवावी लागते.

सिंधमधून आलेली कुटुंबे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारण्यात आली होती. १९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या 'कल्याण कॅम्प'च्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. गावातील पत्ते आजही कॅम्प क्रमांक आणि बराक क्रमांक यांनी सांगितले जातात. त्यामुळे बऱ्याच कुटुंबांच्या कागदोपत्री इतिहासाची सुरुवात एखाद्या बराकीच्या क्रमांकापासून होते आणि त्यामागे सारे कोरे दिसते.

हा कोरेपणा अर्धा खरा आहे. सिंधमधील जमिनीचे, नगरपालिकांचे व शाळांचे दप्तर तेथेच राहिले आणि ते पाहण्यासाठी सीमा ओलांडणे सामान्य माणसाला दुष्कर आहे. परंतु सिंधी माणूस सिंधबाहेर जेथे जेथे गेला, तेथे त्याचे नाव लिहिले गेले होते, आणि ते कागद फाळणीतून वाचले.

यांतील सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या. अस्थिविसर्जनासाठी किंवा यात्रेसाठी आलेल्या यजमानाचे नाव, त्याचे वडील, आजोबा, भाऊ, मुले आणि मूळ गाव पंडा आपल्या वहीत लिहून घेत असे, आणि पुढच्या भेटीत त्याखाली नवी नावे चढत. वह्यांची वाटणी यजमानाच्या मूळ प्रदेशानुसार व जातीनुसार असल्याने आधी आपला पंडा कोण, हे शोधावे लागते. केवळ आडनाव सांगून भागत नाही. सिंधमधील गाव आणि 'नुख', म्हणजे लोहाणा व तत्सम समाजांतील कुळाचे नाव, माहीत असावे लागते. ही नुख घरातील वृद्धांनाच ठाऊक असते. आजी गेली की पंड्याच्या दाराची किल्लीही गेली, असे पुष्कळ घरांत घडते. हरिद्वारच्या काही वह्यांचे सूक्ष्मचित्रण अमेरिकेतील युटा येथील वंशशास्त्रविषयक संस्थेने केले आहे.

आडनावांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. '-आणी' हा प्रत्यय एखाद्या पूर्वजाच्या नावाला जोडून पुष्कळ सिंधी आडनावे बनली आहेत. लालवाणी म्हणजे लाल नावाच्या पूर्वजाचे वंशज. तथापि लाल नावाचे पूर्वज गावोगाव होते. तेव्हा एकाच आडनावाची दोन कुटुंबे एकाच मूळ पुरुषाची असतीलच, असे नाही.

दुसरा आधार मुंबईत आहे. इंग्रजांनी १८४३मध्ये जिंकलेला सिंध प्रांत १८४७ ते १९३६ या काळात मुंबई इलाख्याचा भाग होता. त्यामुळे सिंधच्या कारभाराचे बरेच कागद मुंबईतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आहेत. कराचीचे दयाराम जेठमल सिंध महाविद्यालय १८८७मध्ये स्थापन झाले. सिंधला स्वतःचे विद्यापीठ १९४७मध्येच मिळाले. त्यापूर्वी तेथील विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. शिकलेल्या पणजोबांचा शोध म्हणूनच कराचीऐवजी फोर्टात सुरू करणे अधिक फलदायी ठरू शकते. याखेरीज विस्थापितांच्या मालमत्तेविषयीच्या १९५० व १९५४च्या कायद्यांखाली जे दावे दाखल झाले, त्यांत मागे राहिलेल्या घराचा व शेतीचा तपशील असे. दाव्याची जुनी प्रत घरच्या ट्रंकेत सापडल्यास मूळ गावाचे नाव निश्चित होते.

दूरचे आप्त

हैदराबाद (सिंध) येथील व्यापारी फाळणीच्या पुष्कळ आधीपासून देशोदेशी पेढ्या चालवीत. परिणामी एका भावाचा वंश उल्हासनगरात, दुसऱ्याचा हाँगकाँग वा कॅनरी बेटांत, अशी विभागणी झाली. कुटुंबाचे जुने छायाचित्र, पत्रे किंवा पेढीची चोपडी बहुधा परदेशी शाखेकडे असते. नुख, विधी व नात्यांची नावे इकडच्या शाखेला आठवतात. इंटरनेटमुळे ही दोन अर्धी एकत्र येऊ लागली. उमरकोट व थरपारकर या भागांत आजही राहणाऱ्या हिंदू कुटुंबांशी संपर्क साधून गावातील घराचे छायाचित्र मिळवणारेही आहेत.

दुरावलेल्या आप्तांच्या साहाय्याने वंशावळ जुळवण्याचे जगातील एक परिचित उदाहरण आयर्लंडचे आहे. १८४५नंतरच्या महादुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेत व अन्यत्र गेले. पुढे ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनमधील सार्वजनिक अभिलेखागार जळाले आणि १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनेच्या बहुतेक याद्या नष्ट झाल्या. मायदेशीचे कागद गेले. पण परदेशातील चर्चच्या नोंदींत व थडग्यांवर मूळ गावाचे नाव राहिले, आणि दूरच्या चुलत भावंडांनी ते एकमेकांना कळवले. आयर्लंडच्या १९०१ व १९११च्या जनगणना घरनिहाय, विनामूल्य पाहता येतात. भारतात अशी सोय नाही. १९४८च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तिगत माहिती कोणालाही पाहू दिली जात नाही.

इंटरनेटवरील वंशावळींत चुकाही वेगाने पसरतात. एकाने अंदाजाने जोडलेला खापरपणजोबा दहा जण उतरवून घेतात आणि मग दहा ठिकाणी आढळतो म्हणून तो खरा मानला जातो. जनुकीय चाचणीने जवळचे नाते बऱ्यापैकी ठरते, परंतु पिढ्यान्‌पिढ्या एकाच बिरादरीत विवाह झालेल्या समाजांत दोन व्यक्तींचे नाते असते त्याहून जवळचे भासते.

मराठी कुटुंबांची साधने

अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ (इ.स. १०६०)चे आहे. तेथील शिलालेखाने शिलाहार राजाचे नाव जपले. त्या मंदिराचे दगड वाहणाऱ्यांची नावे कोठेच नाहीत. सामान्य शेतकऱ्याचे नाव दप्तरात नियमितपणे येते ते इंग्रजी अमदानीत, जमिनीचा सारा व जन्ममृत्यू यांच्या निमित्ताने. आज तीन शहरांत मोडणारी बरीच गावे जुन्या कल्याण तालुक्यातील होत. सातबारा, फेरफार, कोतवाल बुक या नावाने ओळखला जाणारा गाव नमुना १४, आणि शाळेचे प्रवेश-निर्गम पुस्तक ही त्यांची मुख्य साधने आहेत.

या नोंदी केवळ कुतूहलाचा विषय राहिलेल्या नाहीत. महाराष्ट्रात जातवैधता प्रमाणपत्रासाठी वंशावळीचे शपथपत्र द्यावे लागते आणि जुन्या वास्तव्याचा पुरावा लागतो: अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. वडिलांच्या बाजूच्या रक्तसंबंधातील एखाद्याकडे वैधता प्रमाणपत्र असल्यास ते महत्त्वाचा पुरावा ठरते. ज्याच्याशी तीन पिढ्या येणे-जाणे नाही, अशा चुलत चुलत्याच्या घरी कॉलेजला जाणारा मुलगा जातो, तो बहुधा याच कामासाठी. २०२३मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी लिपी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली.

कोकण, देश वा सीमाभागातून येथे आलेल्यांना मूळ गावाकडे वळावे लागते. विसाव्या शतकात अनेक चित्पावन, कऱ्हाडे व कायस्थ प्रभू घराण्यांनी कुलवृत्तांत छापले. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या आहेत. कोल्हापूर, सांगली व बेळगाव भागांत हेळवी घरोघर फिरून वंशावळ वाचून दाखवतात.

वाचनातील अडचणी

लिपी हा सर्वांसमोरचा अडथळा आहे. मराठी घरांतील जुने कागद मोडीत, तर सिंधी घरांतील अरबी वळणाच्या लिपीत किंवा व्यापाऱ्यांच्या हटवाणिका लिपीत. आणि नातवंडांना बहुधा यांपैकी काहीच वाचता येत नाही. शके वर्षात ७८ मिळवले व विक्रम संवतातून ५७ वजा केले, की इसवी सनाचे स्थूल वर्ष मिळते. 'बिन' व 'वल्द' हे शब्द पित्याचे नाव दर्शवतात.

'कोम' वा 'भ्रतार' या शब्दांपुढे पतीचे नाव येते, आणि स्त्रीची ओळख तेवढ्यावरच संपते. लग्नात नाव बदलण्याची चाल मराठी व सिंधी या दोन्ही समाजांत असल्याने पणजीचे माहेरचे नाव कागदात सहसा सापडत नाही. जुन्या कुलवृत्तांतांतही मुलीची शाखा बहुधा तिच्या लग्नापाशी थांबते. अशा वेळी तिच्या माहेरच्या दूरच्या नातेवाइकांनाच विचारावे लागते; त्यांच्या वंशावळीत ती मुलगी म्हणून, जन्मनावाने, नोंदलेली असू शकते.