चित्रफीत लहान करताना

बुद्धजयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, स्नेहसंमेलन, निरोप समारंभ... आपल्या शाळेच्या प्रांगणात जे जे घडते, ते आता कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलमध्ये चित्रित होते. कार्यक्रम संपताच पालकांकडून आणि नोकरीनिमित्त दूर गेलेल्या माजी विद्यार्थ्यांकडून ती चित्रफीत पाहण्याची मागणी येते. अडचण येथेच सुरू होते. दोन तासांचे चित्रण इंटरनेटवर चढविण्यात रात्र सरते आणि मध्येच वीज गेली की केलेला खटाटोप वाया जातो. कारंजा, आष्टी, समुद्रपूर तालुक्यांतील गावी बसून ते पाहणाऱ्या पालकांचा दिवसाचा डेटाही तेवढ्यात संपून जातो. म्हणून चित्रफितीचा आकार कसा कमी करावा आणि तो करताना काय जपावे, हे आम्ही येथे मांडत आहोत.

चित्रफीत म्हणजे एका सेकंदात दाखविली जाणारी साधारण २५ ते ३० स्थिर चित्रे. फुल एचडी चित्रात आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरल्यास एका मिनिटाला ९ गिगाबाइटांहून अधिक जागा लागेल. म्हणून मोबाइल चित्रण करतानाच माहिती आवळतो. वक्ता बोलत असताना मागची भिंत, फलक, बाबासाहेबांची तसबीर स्थिर असते. ती प्रत्येक चित्रात नव्याने न नोंदविता केवळ झालेला बदल नोंदविला जातो. डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावेही गाळले जातात. या गाळणीच्या मुळाशी असलेली गणिती पद्धत १९७४ साली प्रसिद्ध झाली आणि ती मांडणाऱ्यांत अग्रणी असलेले नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे, ही आपणां सर्वांस अभिमानाची बाब होय.

आकाराचा हिशेब सोपा आहे. दर सेकंदाला खर्च होणारी माहिती, म्हणजे बिटरेट, गुणिले कालावधी. समजा, चित्रण सेकंदाला १७ मेगाबिट या दराने झाले, तर दोन तासांची फाइल सुमारे १५ गिगाबाइटांची होते. अपलोडचा वेग सेकंदाला ४ मेगाबिट असल्यास ती चढविण्यास साडेआठ तास लागतील. हाच दर २ मेगाबिटांवर आणला, तर फाइल आवाजासह १.९ गिगाबाइटांची होते आणि तासाभराहून थोड्या अधिक वेळात काम उरकते.

हे करण्यासाठी हँडब्रेक नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअर संगणकावर घ्यावे. प्रथम नको असलेला भाग कापावा. माइकची जुळवाजुळव, रिकामे व्यासपीठ यांत बरीच मिनिटे जातात. नंतर चित्राचा आकार ७२० पी ठेवावा. मोबाइलच्या पडद्यावर तो पुरेसा दिसतो. प्रकार एच.२६४ निवडावा. त्यानंतर आलेला एच.२६५ आणखी लहान फाइल देतो. परंतु जुन्या मोबाइलवर तो अडखळतो आणि आपल्या अनेक पालकांचे मोबाइल जुनेच आहेत. गुणवत्तेचा आकडा, ज्यास तेथे आरएफ म्हणतात, २२ च्या आसपास ठेवावा. तो वाढविला की फाइल लहान होते आणि चित्र धूसर होते. भाषण बरेच आवळले जाते. लेझीम वा कबड्डीत प्रत्येक क्षणी सारे बदलत असल्याने तेवढ्याच वेळेला अधिक जागा लागते. म्हणून आधी एका मिनिटाचा तुकडा करून पाहावा.

आवाजात मात्र काटकसर करू नये. सेकंदाला १२८ किलोबिट दराने दोन तासांचा आवाज अवघे ११५ मेगाबाइट घेतो. तो कमी करून फारसे काही वाचत नाही आणि गुरुजनांचे शब्द मात्र अस्पष्ट होतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. लहान करावी ती प्रत. मूळ फाइल कधीही पुसू नये. एकदा गाळलेली माहिती कोणत्याही उपायाने परत येत नाही आणि लहान केलेली फाइल पुन्हा लहान करणे म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढणे होय. एका निरोप समारंभाची चित्रफीत आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरून एकमेकांना पाठविली आणि जागा हवी म्हणून मूळ पुसून टाकली. आज त्या चित्रफितीत सरांचा चेहरा ओळखू येतो. त्यांच्या डोळ्यांतले पाणी दिसत नाही.

आपल्या समाजाला चित्रणाचे मोल वेगळे सांगावयास नको. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेस लोटलेला जनसागर नामदेवराव व्हटकर यांनी कॅमेऱ्यात टिपला, म्हणूनच तेव्हा जन्मालाही न आलेल्या पिढ्यांना तो पाहता आला. त्या काळी कॅमेरा दुर्मीळ होता. आज प्रत्येक हाती आहे. सर्व काही अनित्य आहे, हे तथागतांनी शिकविले. तथापि आपल्या निष्काळजीपणास अनित्यतेचे नाव देता येणार नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांस व पालकांस आमची नम्र विनंती आहे. आपल्याकडील शाळेच्या मूळ चित्रफिती, कितीही मोठ्या असोत, पेनड्राइव्हवर घेऊन शाळेत आणून द्याव्यात आणि एक प्रत स्वतःजवळही राखावी. पाहण्यासाठी लहान प्रत आणि जपण्यासाठी मूळ प्रत, एवढा नियम पाळला तरी हा ठेवा पुढील पिढीच्या हाती सुखरूप पोहोचेल.

जय भीम.